पिकअपचा पट्टा ओरडतोय? आधी बॉनेट उघडा

हंगाम टोमॅटोचा असो की कांद्याचा, पहाटे चारच्या सुमाराला गावोगावी एक आवाज हमखास ऐकू येतो. पिकअपला सेल मारला की इंजिन धडधडते आणि त्याच्या जोडीला बॉनेटखालून ‘चीं... चीं...’ अशी किंकाळी उठते. मिनिटा-दोन मिनिटांत ती थांबते. ड्रायव्हर म्हणतो, “गारठ्यानं ओरडतोय पट्टा. गरम झाला की गप बसतो.” आपणही मान डोलावतो आणि क्रेट भरायला लागतो.

पट्टा गप बसतो हे खरे. पण तो बरा झाला म्हणून गप बसत नाही. सेल मारताना बॅटरीचा बराच करंट खर्च होतो. इंजिन सुरू झाल्याबरोबर आल्टरनेटर, म्हणजे आपल्या बोलीतला डायनामो, तो खर्च भरून काढायला लागतो. त्या वेळी तो फिरायला जड असतो. पट्टा ढिला किंवा झिजलेला असला तर तो पुलीवर घसरतो आणि ओरडतो. बॅटरी थोडी भरली, डायनामोचा भार कमी झाला, की घसरणे थांबते आणि आवाजही थांबतो. दुखणे मात्र जागच्या जागीच राहते. उद्या भर उन्हात चढावर, नाहीतर परवा रात्री घाट उतरताना ते डोके वर काढते.

एका पट्ट्यावर सारा संसार

१९८८ साली टाटामोबाईल आली, २००० साली बोलेरो, २००५ साली ‘छोटा हत्ती’ म्हणून ओळखला जाणारा टाटा एस. तेव्हापासून आपल्या शेतमालाची बाजारापर्यंतची वाट या छोट्या मालगाड्यांनी सोपी केली. आज गावात नव्या गाड्या आहेत, तशा दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आलेल्या दहा-पंधरा वर्षांच्या गाड्याही खूप आहेत. इंजिन ऑईल बदलायचे, टायर बघायचे, ग्रीस मारायचे, एवढे सगळ्यांना ठाऊक असते. पट्ट्याकडे मात्र तो तुटेपर्यंत कोणी बघत नाही.

इंजिनाच्या तोंडाशी फिरणारा हा रबरी पट्टा काय काय फिरवतो ते एकदा नीट समजून घ्या. पहिला वॉटर पंप. हा रेडिएटरचे पाणी इंजिनात खेळवतो. जुन्या गाड्यांत पंपाच्या पुलीवरच पंखा असतो, म्हणून तर याला ‘फॅन बेल्ट’ म्हणतात. दुसरा डायनामो. गाडीला पॉवर स्टिअरिंग असेल तर त्याचा पंप तिसरा. पंप एकाच पट्ट्यावर असतील किंवा दोन-तीन पट्ट्यांवर वाटलेले असतील, ते गाडीगणिक वेगळे.

चौथी गोष्ट फार थोड्यांना माहीत असते आणि तीच सगळ्यात मोलाची आहे. डिझेल इंजिनात ब्रेकच्या बूस्टरला लागणारी हवेची ओढ आपोआप तयार होत नाही. त्यासाठी वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. अनेक जुन्या डिझेल गाड्यांत हा पंप डायनामोच्या पाठीलाच बसवलेला असतो. म्हणजे पट्टा तुटला की डायनामो थांबला, आणि डायनामो थांबला की ब्रेकला मिळणारा जोरही गेला. पट्ट्याचा आणि ब्रेकचा काय संबंध, असे विचारणाऱ्याने आपल्या गाडीच्या डायनामोच्या मागे रबरी नळी जोडलेली आहे का ते आजच बघावे. ती नळी बूस्टरकडे जात असेल तर संबंध आहे, आणि फार जवळचा आहे.

गाडी चालत राहते, हाच धोका

पट्टा तुटल्यावर गाडी जागेवर बंद पडली असती तर एका परीने बरे झाले असते. पण जुन्या डिझेल इंजिनाचा डिझेल पंप यंत्राच्या जोरावर चालतो. त्याला विजेची फारशी गरज नसते. म्हणून पट्टा तुटूनही इंजिन चालूच राहते. डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागतो. दिवसा उन्हात तो दिसत नाही, आणि कित्येक जुन्या गाड्यांत त्याचा बल्बच गेलेला असतो. ड्रायव्हर आपला गाणी ऐकत चाललेला असतो.

इकडे पाणी खेळायचे थांबलेले असते. काटा लाल पट्टीकडे सरकतो. काटाही बंद असेल तर बॉनेटमधून वाफ निघेपर्यंत काहीच कळत नाही. तोवर हेड गॅस्केट जळते, हेड वाकते, आणि त्याहून पुढे गेले तर पिस्टन लायनरला धरतो. काहीशे रुपयांच्या पट्ट्यापायी इंजिन खोलायची पाळी येते. गाडीत भरलेला माल, चुकलेला लिलाव आणि ऐन हंगामात आठवडाभर गॅरेजला उभी राहिलेली गाडी, हा हिशेब वेगळाच. बैल गेला अन् झोपा केला, असे म्हणतात ते यालाच.

नंतरच्या कॉमन रेल इंजिनांचे थोडे वेगळे आहे. त्यांना वीज लागते. डायनामो बंद पडला की बॅटरीत जेवढा जीव आहे तेवढे चालून ती थांबतात. पण पाणी त्यांचेही खेळत नाही. तेव्हा बॅटरी संपेपर्यंत गाडी हाकण्याचा मोह तिथेही महागच पडतो.

घाटात पट्टा तुटला तर

पिंपळगाव बसवंतहून टोमॅटो घेऊन कसारा घाट उतरणारे असोत की ओतूरहून माळशेज उतरून कल्याणला जाणारे, त्यांनी हे पाठच करून ठेवावे. स्टिअरिंग एकाएकी जड झाले, लाल दिवा लागला, ब्रेकचे पॅडल दगडासारखे कडक वाटू लागले, तर पट्टा गेला असे समजा.

अशा वेळी ब्रेकवर पुन्हा पुन्हा पाय मारू नका. बूस्टरमध्ये थोडी ओढ शिल्लक असते. ती एक-दोन दाबांतच संपते. ब्रेक पूर्ण जात नाही, पण नेहमीच्या कितीतरी पट जोर लावावा लागतो. म्हणून एकच दाब, पण दोन्ही पायांचे बळ लागले तरी चालेल, असा ठाम द्या. गिअर एकेक करून खाली आणा, इंजिनच्या ओढीने वेग कमी करा, हँडब्रेक हळूहळू ओढा. गाडी न्यूट्रल करू नका आणि उतारावर चालत्या गाडीत इंजिन बंद करू नका. डाव्या अंगाला, डोंगराच्या बाजूला गाडी थांबवा. थांबल्यावर इंजिन बंद करा, चाकाला दगड लावा आणि मागे इशाऱ्याचा त्रिकोण ठेवा.

इंजिन तापले असेल तर रेडिएटरचे झाकण लगेच उघडू नका. उकळते पाणी दाबाने अंगावर येते. तापलेल्या इंजिनावर गार पाणीही ओतू नका, तडा जायची भीती असते. अर्धा-पाऊण तास गेला तरी जाऊ द्या. माल थोडा उशिरा पोचेल, माणूस तर धड पोचेल.

पट्टे दोन जातींचे

पहिली जात आपल्या ओळखीची. पिठाच्या चक्कीला, मळणीयंत्राला असतो तसा इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराचा पट्टा. तो पुलीच्या खाचेत दोन्ही कडांनी घट्ट बसतो. त्याचा ताण डायनामोचा बोल्ट ढिला करून, डायनामो सरकवून द्यावा लागतो.

दुसरी जात म्हणजे रुंद, चपटा आणि आतल्या अंगाला बारीक उभ्या धारा असलेला लांब पट्टा. तो सापासारखा वळसे घेत चार-पाच पुल्यांवरून जातो, म्हणून त्याला ‘सर्पेंटाईन बेल्ट’ असे नाव पडले. अमेरिकेत १९७९ च्या फोर्ड मस्टँग मोटारीत तो आला आणि पुढे सगळीकडे पसरला. याला ताण द्यायला बहुधा स्प्रिंगचा टेन्शनर असतो. तो आपोआप ताण धरतो, म्हणून या पट्ट्याकडे आणखीच दुर्लक्ष होते.

पट्ट्यावरचा नंबर वाचायला शिका. धारांच्या पट्ट्यावर ‘६ पीके १२३०’ असे छापलेले असेल, तर ६ म्हणजे धारांची संख्या, पीके म्हणजे धारांचे माप आणि १२३० म्हणजे मिलिमीटरमधली लांबी. एवढे कागदावर लिहून गाडीच्या कागदपत्रांत ठेवले की दुकानात ‘बोलेरोचा द्या, नाहीतर त्याच्यासारखा कुठला तरी द्या’ असे म्हणायची वेळ येत नाही. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक इंजिन बदललेले असते, तसा पट्टाही बदलतो.

इंजिनाच्या आत, झाकणाखाली, काही गाड्यांत टायमिंग बेल्ट असतो. तो निराळा. त्याचे बदलायचे किलोमीटर गाडीच्या पुस्तकात दिलेले असतात. त्या कामात आपण हात घालू नये, जाणत्या मिस्त्रीकडेच द्यावे.

भेगा नाहीत म्हणजे पट्टा धड आहे, असे नाही

जुने मिस्त्री पट्टा उलटा करून भेगा बघतात. पूर्वीच्या निओप्रीन रबराच्या पट्ट्याला ते बरोबर होते. एका इंचात तीन-चार भेगा दिसल्या की पट्टा बदला, असा हिशेब होता. नंतर ईपीडीएम नावाचे रबर आले. ते उष्णतेला टिकते आणि त्याला सहसा भेगा पडत नाहीत. ते टायरासारखे हळूहळू झिजते. धारांमधल्या खाचा रुंद आणि खोल होत जातात. मग पट्टा पुलीच्या तळाला टेकतो आणि घसरायला लागतो. धारांचे रबर पाच टक्क्यांच्या आसपास झिजले तरी घसरण सुरू होऊ शकते. डोळ्यांना मात्र पट्टा नव्यासारखा दिसतो.

म्हणून सोपी युक्ती अशी, की त्याच नंबरचा नवा पट्टा शेजारी धरून बघा. नव्याच्या धारा सपाट माथ्याच्या आणि भरदार असतात. जुन्याच्या धारा टोकदार, करवतीसारख्या झालेल्या असतील किंवा खाचा पसरट झाल्या असतील, तर त्याचे आयुष्य संपले. व्ही पट्ट्याच्या कडा काचेसारख्या चकाकत असतील, किंवा पट्टा पुलीत खोल जाऊन तळाला टेकत असेल, तर तोही बाद.

किती किलोमीटरला बदलावा? गाडीच्या पुस्तकात असेल ते प्रमाण. पुस्तक हरवले असेल तर लाखभर किलोमीटर झालेल्या पट्ट्यावर भरवसा ठेवू नये. आपल्याकडची धूळ, चिखल आणि ऊन पाहता त्याआधीच बारकाईने तपासावा.

घरच्या घरी तपासणी

ही तपासणी दहा मिनिटांची आहे. इंजिन गार असताना करा, किल्ली काढून खिशात ठेवा. काही गाड्यांचा विजेवरचा पंखा इंजिन बंद असतानाही एकदम सुरू होतो, हे विसरू नका.

बॅटरीच्या उजेडात पट्टा पूर्ण लांबीने बघा. कडा उसवल्यात का, धारांचे तुकडे पडलेत का, ऑईल लागले आहे का. व्ही पट्टा सगळ्यात लांब टप्प्याच्या मधोमध अंगठ्याने दाबा. साधारण एक ते दीड सेंटिमीटर दबला तर ताण ठीक. त्याहून जास्त दबला तर ढिला, अजिबात दबला नाही तर फाजील घट्ट.

मग दुसऱ्याला इंजिन सुरू करायला सांगा आणि बाजूला उभे राहून टेन्शनरच्या दांड्याकडे बघा. तो जवळपास स्थिर हवा. धडधडा नाचत असेल तर त्याची स्प्रिंग दमली. आवाज येत असेल तर धारांच्या पट्ट्यावर, धारांच्या बाजूने, लांबून थोडेसे पाणी उडवा. आवाज क्षणभर थांबून पुन्हा आला तर पुल्या एका रेषेत नाहीत. पाण्याने आवाज वाढला तर पट्टा घसरतोय, म्हणजे ताण कमी आहे.

या वेळी गळ्यातला टॉवेल, उपरणे, सैल बाह्या, हातातले कडे हे सगळे काढून ठेवा. फिरता पट्टा मळणीयंत्राइतकाच निर्दयी असतो. पोरांना जवळ येऊ देऊ नका.

पट्टा बदलायला गेलो आणि...

जुन्या गाडीत खरी गंमत इथे सुरू होते. नवा पट्टा टाकला आणि पंधरा दिवसांत तोही फाटला, ही तक्रार आपण नेहमी ऐकतो. मग दुकानदाराला शिव्या बसतात. पण पुष्कळदा दोष पट्ट्याचा नसतो. पट्टा हे लक्षण आहे, रोग दुसरीकडेच असतो.

म्हणून जुना पट्टा काढल्यावर नवा चढवायची घाई करू नका. गाडी मोकळी आहे तोवर प्रत्येक पुली हाताने फिरवून बघा. ती न अडता, खरखर न करता फिरली पाहिजे. डायनामोच्या बेअरिंगचा खरखराट पट्टा चढलेला असताना ऐकू येत नाही, आता येईल. वॉटर पंपाची पुली धरून वर-खाली हलवा. ती डुगडुगत असेल तर पंप गेला. पंपाच्या पोटाशी एक बारीक छिद्र असते. तिथे पाण्याचे ओघळ किंवा वाळलेला खार दिसला तर आतले सील गळते आहे. ते पाणी पट्ट्यावर उडते आणि पट्टा ओरडतो.

पट्टा ऑईलने माखला असेल तर ऑईल कुठून आले ते आधी शोधा. क्रँकच्या पुढच्या सीलमधून, की पॉवर स्टिअरिंगच्या नळीतून? गळती बंद केल्याशिवाय टाकलेला नवा पट्टा म्हणजे पैसे पाण्यात. काही गाड्यांत क्रँकची पुली दोन भागांची असते आणि मधे रबर असते. वयाने ते रबर उकलते, बाहेरचे कडे सरकते आणि पट्टा तिरका चालून एका कडेने सोलला जातो. पट्टा एकाच बाजूने उसवला असेल तर पुल्यांची रेष तपासायला मिस्त्रीला मुद्दाम सांगा.

जुना पट्टा काढण्याआधी त्याच्या वळशांचे चित्र काढून ठेवा किंवा मोबाईलवर फोटो घ्या. बॉनेटखालचा कंपनीचा तक्ता जुन्या गाडीत कधीच निघून गेलेला असतो. चढवताना धारा प्रत्येक पुलीच्या खाचेत बरोबर बसल्या का ते बोटाने चाचपा. एक धार जरी बाहेर राहिली तरी पट्टा तासाभरात फाटू शकतो. पट्ट्यांची जोडी असेल तर एक बदलून भागत नाही, दोन्ही एकदम बदला. नाहीतर बैलजोडीत एक ओढतो अन् दुसरा नुसता चालतो, तशी गत होते. नवा व्ही पट्टा सुरुवातीला थोडा सैल पडतो. दोन-तीनशे किलोमीटर झाल्यावर ताण पुन्हा बघा.

एवढे करू नका

पट्टा ओरडला की त्याला साबण, राळ, मेण किंवा डिझेल लावायची आपल्याकडे रीत आहे. आवाज घटकाभर थांबतो, पण डिझेलने आणि ऑईलने रबर फुगते, राळेला धूळ चिकटते. तसेच, आवाज बंद व्हावा म्हणून टॉमी लावून डायनामो ताणू नका. फाजील ताणाने डायनामोची आणि वॉटर पंपाची बेअरिंगे जातात. चढताना पट्टा स्क्रू-ड्रायव्हरने ओढून बसवू नका, आतले दोरे तुटतात आणि वरून काही दिसत नाही. छापील नंबर, कंपनीचे नाव आणि पक्के बिल असल्याशिवाय पट्टा घेऊ नका. आणि नव्या पट्ट्याबरोबर त्याच मापाचा एक जादा पट्टा घेऊन सीटमागे, ऑईल लागणार नाही अशा पिशवीत ठेवा. पान्हे जवळ नसतील तर त्या पट्ट्याचा काही उपयोग नाही, तेव्हा पान्हेही ठेवा.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांसाठी

आता गावकारभाऱ्यांना एक सांगणे. ग्रामपंचायतीची कचरा गोळा करणारी घंटागाडी दिवसाला किती चालते? आठ-दहा किलोमीटर. पण इंजिन तीन-चार तास सुरू असते. घरोघरी थांबत, कधी उभ्यानेच धडधडत. पट्टा चाकाबरोबर फिरत नाही, इंजिनाबरोबर फिरतो. त्यामुळे किलोमीटरचा आकडा बघून ‘गाडी अजून नवीच आहे’ म्हणणे फसवे आहे. अशा गाडीच्या लॉगबुकात किलोमीटरबरोबर इंजिन किती तास चालले तेही लिहायला लावा. पट्टा कधी टाकला, कोणत्या नंबरचा, ही नोंद एका ओळीत होते. चालक बदलला, पदाधिकारी बदलले, तरी ती ओळ राहते. दुरुस्तीचे बिल मंजूर करताना ‘पट्टा बदलला’ एवढ्यावर समाधान मानू नका. पट्टा का गेला, हे मिस्त्रीकडून लिहून घ्या.

मालवाहू गाडीला आठ वर्षे झाली की दरवर्षी फिटनेस घ्यावा लागतो. तो घ्यावाच. पण फिटनेसचा कागद त्या दिवसापुरता असतो, पट्टा रोज फिरतो.

खांदेमळणीचा दिवस

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलांचे खांदे हळद-तूप लावून चोळतो. वर्षभर ज्या खांद्यावर जू असते, त्याची ती दखल असते. ज्यांच्या दारात आता बैलांऐवजी पिकअप उभी आहे, त्यांनी त्याच दिवशी बॉनेट उघडावे. पुढे टोमॅटो, सोयाबीन, मका असा माल सुरू होणार असतो. दुसरी तपासणी मृगाच्या आधी करावी, कारण पावसात चिखल-पाणी उडून ढिला पट्टा जास्त घसरतो. दसऱ्याला गाडीला झेंडूची माळ घालतोच आपण. त्या दिवशी पट्ट्यावर एक नजर टाकायला वेगळा मुहूर्त लागत नाही.

आणि ड्रायव्हर पगारी असेल तर त्याला एक गोष्ट स्वतःच्या तोंडाने सांगा: “लाल दिवा लागला, काटा चढला, तर गाडी जाग्यावर थांबव. लिलाव चुकला तरी तुला बोलणार नाही.” बहुतेक इंजिने पट्टा तुटल्यामुळे जळत नाहीत. ‘मालक रागावतील’ या भीतीने त्यानंतर पाच-सात किलोमीटर हाकल्यामुळे जळतात. ती भीती काढून टाकायला एक रुपयाही लागत नाही.